निळ्या माशीची ओळखपरेड

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत टेक्सासमधल्या गुरं पाळणाऱ्याला सरकारकडून एकच सल्ला मिळायचा : मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, जाळून टाका किंवा खोल पुरा आणि मांसाचं आमिष लावून माश्यांचे सापळे टांगा. सल्ला वरवर शहाणपणाचा होता. हवा तापली की तिथल्या जित्या जनावरांच्या जखमांत अळ्या पडायच्या. शिंग कापलं, डाग दिला, खच्ची केलं, काटेरी तारेला अंग घासलं, नुसती गोचीड चावली तरी तेवढं निमित्त पुरायचं. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली बेंबी तर हमखास धरली जायची. अळ्यांच्या अंगावर काट्यांची वलयं असल्यामुळे त्यांना तिकडे स्क्रूवर्म म्हणत. वेळेवर उपचार झाला नाही तर धडधाकट बैलही थोड्या दिवसांत आडवा व्हायचा. घोड्यावर बसून रोज कळप तपासायचा, जनावर दोर टाकून पाडायचं, जखमेत बेंझॉल ओतून अळ्या मारायच्या आणि वर पाइनच्या डांबराचं तेल फासायचं, यात गुराख्यांचा उन्हाळा जायचा.

ज्या माशीच्या या अळ्या, ती माशी सगळ्यांना ठाऊक होती, निदान तसं सगळे समजत होते. चकचकीत निळी-हिरवी, तोंड नारिंगी, पाठीवर तीन काळे उभे पट्टे. सडक्या मांसावर ती घोंघावताना दिसायची, सापळ्यांत तीच खच्चून भरायची. लिनियसचा शिष्य योहान फाब्रिशियस यानं १७७५ मध्ये तिचं वर्णन करून तिला ‘मॅसेलारिया’ हे नाव दिलं होतं. तेव्हा जखमेतल्या अळ्याही तिच्याच, असं धरून चाललं. मढी जाळली, सापळे भरभरून माश्या मेल्या आणि तरीही जखमांमधल्या अळ्या काही कमी होईनात. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि ती वर्षानुवर्षं चालली.

चोराचा ठावठिकाणा खरं तर पूर्वीच लागला होता, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फ्रेंच गयानात केयेन इथे कैद्यांची वसाहत होती. तिथल्या माणसांच्या कपाळाच्या पोकळ्यांत वाढलेल्या अळ्यांवर शार्ल कोकेरेल या फ्रेंच आरमारी शल्यवैद्यानं १८५८ मध्ये टिपण लिहिलं. ही वेगळीच जात आहे असं सांगून त्यानं तिला ‘होमिनिव्होरॅक्स’ असं नावही ठेवलं. पुढच्या अभ्यासकांनी ही जात मॅसेलारियामध्येच मिसळून टाकली. दोन्ही माश्या शेजारी ठेवल्या तरी साध्या डोळ्यांना फरक कळत नव्हता. मग नावं तरी दोन कशाला, असा हिशेब.

हा हिशेब मोडायला निघालेल्या माणसाची तयारी भारतात झाली होती. वॉल्टर स्कॉट पॅटन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मद्रासजवळच्या गिंडीतल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं आणि फ्रान्सिस क्रॅग यांच्याबरोबर वैद्यकीय कीटकशास्त्रावर एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं. ते १९१३ मध्ये निघालं. पॅटन यांची सगळी निदानं बरोबर ठरली असं नाही. काळा आजार ढेकणांमुळे पसरतो या मताला ते चिकटून राहिले, आणि शेवटी तो दोष वाळूमाशीवर सिद्ध झाला. माश्यांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर धारदार होती.

जखमेत पडणाऱ्या अळ्या आपल्याकडे कोणाला नव्या नाहीत. पावसाळ्यात बैलाच्या खांद्यावरची आवाळू फुटली, शेळीला कुत्रं चावलं, खूर सडला, की आसडी पडते. सीताफळाचा पाला वाटून भरायचा, टर्पेंटाइनचा बोळा लावायचा, ही घराघरातली माहिती. पण ही आसडी कोणत्या माशीची? बाजारात मासळीवर, उकिरड्यावर आणि मढ्यावर बसणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्या इकडेही अनेक जातींच्या. पॅटन यांनी १९२० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये दाखवून दिलं की, माणसाच्या आणि जनावराच्या जित्या मांसात अळ्या पाडणारी इथली मुख्य माशी म्हणजे ‘क्रायसोमाया बेझियाना’. व्हिलनव्ह या फ्रेंच अभ्यासकानं १९१४ मध्ये काँगोमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं होतं. मासळीबाजारातली तिची चुलत बहीण ‘मेगासेफाला’ तिच्यासारखीच दिसते. पंखाच्या बुडाशी जो छोटा पापुद्रा असतो, तो मेगासेफालामध्ये काळपट तपकिरी आणि बेझियानामध्ये मेणासारखा पांढरा. मेगासेफालाच्या नराच्या डोळ्यात वरच्या बाजूचे नेत्रिकांचे दाणे मोठे, खालचे बारीक, आणि मधली सीमा आखल्यासारखी स्पष्ट. एवढाच काय तो फरक. पण एक मढ्यावर जगते आणि दुसरीला मढं चालतच नाही, हा आयुष्याचा भेद त्या फरकामागे दडलेला.

पॅटन पुढे लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत गेले. तिथे अमेरिकेच्या शेती खात्यातले कीटकशास्त्रज्ञ एमरी कुशिंग त्यांच्या हाताखाली काम करायला आले. दोघांनी अमेरिकन माश्या समोर घेतल्या. पॅटन यांची हातोटी होती ती नराच्या पोटाच्या टोकाकडचे जननावयव सुटे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. माशीचा रंग उन्हात उडतो, आकार अन्नावर ठरतो, केस गळतात. पण हे अवयव एका जातीत ठरावीक घडणीचेच असतात. तिथे दोन माश्यांची दोन वेगळी घडण समोर आली. १९३३ मध्ये कुशिंग आणि पॅटन यांनी जाहीर केलं की, अमेरिकेतली जखमेतली खरी माशी मॅसेलारिया नव्हे. नवी समजून तिला त्यांनी ‘अमेरिकाना’ हे नाव दिलं. पुढे लक्षात आलं की, कोकेरेलची केयेनमधली माशी हीच. जुनं नाव आधीचं, म्हणून नियमाप्रमाणे तेच कायम झालं.

एकदा दोन जाती आहेत हे कळलं की बाहेरच्या खुणाही दिसायला लागतात. लेक, कुशिंग आणि पॅरिश यांनी १९३६ मध्ये दोन्ही माश्यांच्या प्रत्येक अवस्थेची तुलना छापली. भिंग घेऊन बसलेल्या माणसाला आता नेमकं काय बघायचं ते ठाऊक झालं. कपाळाच्या कडेला राठ केसांची रांग असते. त्या रांगेबाहेरची बारीक लव होमिनिव्होरॅक्समध्ये काळी, मॅसेलारियामध्ये फिकट पिवळी. मॅसेलारियाच्या पोटाच्या शेवटच्या दिसणाऱ्या खंडावर दोन्ही बाजूंना चंदेरी भुकटी शिंपडल्यासारखा ठिपका; दुसरीत तो जवळपास नाहीच. मादीच्या पंखाच्या मुळाशी असलेली खवल्यासारखी चकती होमिनिव्होरॅक्समध्ये गडद तपकिरी, मॅसेलारियामध्ये पिवळी.

पण गुराख्याच्या हाती माशी लागत नाही, अळी लागते. आणि सगळ्यांत उपयोगी खूण अळीतच निघाली. पूर्ण वाढलेल्या अळीच्या पाठीत दोन श्वासनळ्या असतात. होमिनिव्होरॅक्सच्या अळीत शेवटच्या तीन-चार खंडांपर्यंत त्या काळ्याभोर असतात, आणि त्वचेतून दोन समांतर काळ्या रेघा आरपार दिसतात. मॅसेलारियात त्या रेघा नाहीत. अळी अल्कोहोलच्या नळीत घालून पाठवली, तर प्रयोगशाळेतला नवशिकाही निर्णय देऊ शकेल, इतकी ही खूण सोपी.

ओळख पटल्यावर जुन्या समजुती एकेक करत कोसळल्या. मढ्यावर वाढणारी माशी वेगळी, त्यामुळे मढी जाळून होमिनिव्होरॅक्सचं काहीच बिघडत नव्हतं. मॅसेलारियाही जखमेवर येते, पण बहुधा मागाहून, आधीच नासलेल्या जखमेच्या वासानं. खरी माशी निसर्गात जित्या, उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या मांसाशिवाय वाढूच शकत नाही. जखमेच्या कोरड्या कडेला ती दोनएकशे अंडी घालते, छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक सरकवून. दिवसभरात अळ्या बाहेर येतात, पाचसात दिवस मांस खाऊन जमिनीवर पडतात आणि मातीत कोष करतात.

यातून आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. सापळे उचलून माश्या वेगळ्या काढायला लागल्यावर दिसलं की, त्या अफाट गर्दीत होमिनिव्होरॅक्स फार थोड्या. गावभर दिसणारी, लाखांनी मोजायची ती निरुपद्रवी मॅसेलारिया. नुकसान करणारी माशी मुळात विरळ होती. शिवाय थंडी तिला सोसत नाही. हिवाळ्यात ती माघार घेत घेत टेक्सासच्या दक्षिण टोकाला आणि पुढे फ्लोरिडाच्या दक्षिण भागातच काय ती टिकायची. फ्लोरिडाच्या बाजूला ती मूळची नव्हतीच; १९३३ च्या सुमारास बाधित जनावरांबरोबर आग्नेय राज्यांत पोचली होती. शत्रू मोजका आहे आणि वर्षातून एकदा तो कोपऱ्यात सापडतो, हे ज्याला कळलं त्याला वेगळाच विचार सुचू शकत होता.

तो सुचला एडवर्ड निपलिंग यांना. टेक्सासमधल्या मेनार्डच्या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात निपलिंग आणि रेमंड बुशलंड स्क्रूवर्मवर काम करत होते. बुशलंड यांनी मेल्व्हिन या सहकाऱ्याबरोबर ही अळी जनावराविना वाढवण्याची युक्ती काढली होती : बारीक केलेलं मांस, रक्त, पाणी आणि सडू नये म्हणून थोडं फॉर्मॅलिन. पिंजऱ्यात माश्या पाहताना निपलिंग यांच्या ध्यानात आलं की, नर पुन्हा पुन्हा मादीमागे लागतो, मादी मात्र साधारणपणे आयुष्यात एकदाच नर घेते. मग नापीक नर मोठ्या संख्येनं सोडले तर? ज्या मादीला असा नर भेटेल तिची सगळी अंडी वांझ जातील.

त्यांनी गणित मांडलं. रानात दहा लाख माश्या आहेत असं समजा आणि दर पिढीला वीस लाख नापीक माश्या सोडा. पुढच्या पिढीत उरतील ३,३३,३३३. पुन्हा वीस लाख नापीक माश्या सोडल्या तर प्रमाण सहास एक होतं आणि उरतात ४७,६१९. तिसऱ्या फेरीनंतर १,१०७. चौथीनंतर एकही नाही. कीटकनाशक उलट वागतं; माश्या कमी झाल्या की उरलेल्या शोधणं महाग पडत जातं. इथे माश्या जितक्या कमी, तितका वार जास्त जिव्हारी. पण या गणिताची पहिली अट म्हणजे माश्या हाताच्या आवाक्यात असायला हव्यात. माशी मॅसेलारियाच आहे असं मानणाऱ्याला हे गणित मांडायचं धाडस झालं नसतं. अब्जावधी माश्यांपुढे अब्जावधी नापीक माश्या कोण उभ्या करणार?

नर नापीक करायचा कसा, हे मात्र ठाऊक नव्हतं, आणि मध्ये दुसरं महायुद्ध आलं. क्ष-किरणांनी फळमाशीच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड होतो हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवलं होतं. किरणोत्सर्गाच्या परिणामांवरचा त्यांचा १९५० मधला लेख निपलिंग यांच्या पाहण्यात आला, आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. बुशलंड यांनी सॅन अँटोनिओच्या लष्करी रुग्णालयातलं क्ष-किरण यंत्र वापरून कोष भाजायला सुरुवात केली. साडेपाच दिवसांच्या कोषावर ठरावीक मात्रा दिली, तर बाहेर येणारी माशी उडते, खाते, जोडी जमवते, फक्त तिचं बीज मेलेलं असतं. पुढे क्ष-किरणांच्या जागी कोबाल्ट-६० आलं.

फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या सॅनिबेल बेटावर पहिली चाचणी झाली. माश्या घटल्या, पण संपल्या नाहीत. बेट किनाऱ्याला इतकं लागून की जवळून नव्या माश्या येत राहिल्या. तेवढ्यात व्हेनेझुएलाजवळच्या कुरासाव या डच बेटावरून मदतीची विचारणा आली. ४४४ चौरस किलोमीटरचं ते बेट, शेळ्या भरपूर आणि किनाऱ्यापासून चांगलं दूर. १९५४ मध्ये फ्लोरिडात वाढवलेल्या नापीक माश्या विमानानं तिथे सोडल्या जाऊ लागल्या. दर चौरस मैलामागे आठवड्याला ४०० नर. मोहिमेचे प्रमुख आल्फ्रेड बाउमहोव्हर. यश मोजायची रीत साधी होती : बांधलेल्या शेळ्यांच्या जखमांवरचे अंड्यांचे पुंजके गोळा करायचे आणि फुटतात का ते पाहायचं. वांझ पुंजके वाढत गेले, मग पुंजकेच येईनासे झाले. काही महिन्यांत बेट मोकळं झालं.

मग फ्लोरिडा. सेब्रिंग गावाजवळच्या जुन्या विमानतळावरच्या हँगरमध्ये १९५८ मध्ये माशीचा कारखाना उभा राहिला. आठवड्याला पाच कोटी माश्या. अळ्यांना घोड्याचं आणि व्हेलचंही मांस लागायचं आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. सुमारे दीड वर्षात दोन अब्जांहून जास्त माश्या सोडल्या गेल्या आणि १९५९ मध्ये आग्नेय अमेरिका मोकळी झाली. १९६२ पासून टेक्सासमधल्या मिशन गावातून नैर्ऋत्येकडची आघाडी उघडली. १९७२ मध्ये साथ उसळून वर्षाला ९५ हजारांवर बाधित जनावरं नोंदली गेली, तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. कारणं बरीच सांगितली गेली : पावसाळी हवा, हरणांची वाढलेली संख्या, गुराख्यांचा ढिलेपणा, कारखान्यातल्या माशीचा उतरलेला वाण. आणि ओळखीचा जुनाच प्रश्न नव्या रूपात परत आला. १९८२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात काही संशोधकांनी म्हटलं की, स्क्रूवर्म ही एक जात नसून बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, आपसात जोडी न जमवणाऱ्या अनेक गटांची मोट आहे. ते खरं असतं तर कारखान्यातला नर भलत्याच माशीच्या मागे लागला असता. शेती खात्याच्या शास्त्रज्ञांनी हा दावा खोडून काढला. जात एकच, हे टिकलं. मोहीम दक्षिणेकडे सरकत गेली. मेक्सिको १९९१ मध्ये मुक्त झाला, आणि पुढे पनामातल्या दारिएन भागात नापीक माश्यांची कायमची भिंत उभी राहिली.

या कामात रोजची ओळखपरेड कशी चालायची, ते एका बारीक युक्तीवरून कळतं. सापळ्यात सापडलेली माशी रानातली की आपण सोडलेली, हे कसं ओळखायचं? दिसायला दोन्ही तंतोतंत सारख्या, कारण जातच एक. म्हणून कोष चमकत्या रंगाच्या भुकटीत घोळवायचे. कोषातून बाहेर पडताना माशी कपाळातून एक मऊ फुगा फुगवून झाकण ढकलते. बाहेर आल्यावर फुगा आत ओढून घेते आणि कपाळावरची फट मिटते. रंगाचे कण त्या फटीत कायमचे अडकतात. अंगावरची भुकटी पुसली गेली तरी, डोकं चिरडून अतिनील दिव्याखाली धरलं की कपाळ उजळतं. नाही उजळलं, तर माशी रानातली आणि धोक्याची घंटा.

१९८८ मध्ये हीच ओळख आफ्रिकेत पणाला लागली. लिबियात त्रिपोलीच्या परिसरात मेंढ्यांच्या जखमांत अळ्या सापडल्या. त्या भागात जखमेत अळ्या घालणारी ‘वोलफार्शिया’ नावाची माशी पूर्वापार होती, म्हणून सुरुवातीला दुर्लक्ष होणं सहज शक्य होतं. पण वोलफार्शियाच्या अळीची मागची श्वासरंध्रं खोल खड्ड्यात दडलेली असतात. या अळीची उघडी होती, आणि पाठीत त्या दोन काळ्या रेघा होत्या. दोन्ही अमेरिका खंडांबाहेर पूर्वी कधी ठाण न मांडलेली होमिनिव्होरॅक्स, बहुधा आयात केलेल्या जनावरांबरोबर, भूमध्य समुद्राच्या काठावर उतरली होती. तिथून आफ्रिकेतली वन्य जनावरं आणि पूर्वेकडचे कळप यांच्यामध्ये फारसा अडसर नव्हता. १९९० मध्ये बाधित जनावरांची संख्या बारा हजारांवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं मोहीम उभारली; मेक्सिकोच्या कारखान्यातून आठवड्याला चार कोटींपर्यंत नापीक माश्या विमानानं लिबियात जाऊ लागल्या. १९९१ च्या एप्रिलनंतर नवी बाधा आढळली नाही. निपलिंग आणि बुशलंड यांना १९९२ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

गोष्ट तिथे संपत नाही. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या बेटांवर हरणांत माशी परतली, आणि पुढच्या वर्षी तिला हुसकावलं. २०२३ पासून पनामाची भिंत खचली; माशी मध्य अमेरिका ओलांडत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण मेक्सिकोत पोचली आणि अमेरिकेनं मेक्सिकन गुरांना सीमा बंद केली. संशयित अळ्या पुन्हा अल्कोहोलच्या नळ्यांतून प्रयोगशाळांकडे निघाल्या. डीएनएची परीक्षा आता हाताशी आहे, तरी पहिली नजर अजून त्या काळ्या नळ्यांवरच जाते.

आपल्याकडे बेझियाना आहे तिथेच आहे. एका बैलाची जखम बरी करायला तिची जात विचारायची गरज पडत नाही. सीताफळाचा पाला आणि टर्पेंटाइन सगळ्या अळ्यांना सारखंच लागू पडतं. जात विचारावी लागते ती गाव, जिल्हा, देश मोकळा करायचा ठरवल्यावर. अमेरिकेनं जखमा धुण्यात आणि मढी जाळण्यात कितीतरी वर्षं घालवली. मग दोन माणसांनी दोन सारख्या माश्यांची पोटं उघडून पाहिली, आणि मोहिमेची दिशाच बदलली. कारखाने, विमानं, कोबाल्ट हे सगळं नंतरचं. त्यांनी कोणत्या माशीच्या मागे लागायचं, हे १९३३ मध्येच ठरलं होतं.